पिशवी भरली की स्वतः थांबणारा जुना व्हॅक्यूम क्लीनर : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

न्यू जर्सीतील आमच्या भाड्याच्या घरात भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा असल्यामुळे केरसुणीने काम भागत नाही. गेल्या फेब्रुवारीत शेजारच्या गावात एका घरातील जुने सामान विक्रीला निघाले होते, तेथून इलेक्ट्रोलक्सचे १९६०च्या दशकातील ‘मॉडेल जी’ मी ४० डॉलरला घेतले. पिशवी भरली की हे यंत्र आपोआप बंद होते आणि त्याचे पुढचे झाकण उघडते, एवढ्या एकाच गोष्टीसाठी मी ते घेतले. इलेक्ट्रोलक्सच्या अमेरिकी यंत्रांत ही सोय १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला आली, आणि तिच्यात एकही इलेक्ट्रॉनिक भाग नाही.

नळीतून आलेली हवा आधी कागदी पिशवीत शिरते, पिशवीच्या छिद्रांतून गाळून बाहेर पडते आणि मग पंख्याकडे जाते. पिशवी नवी असताना तिच्या आतल्या आणि बाहेरच्या दाबात फारसा फरक नसतो. छिद्रे धुळीने बुजत गेली की पंख्याच्या बाजूची पोकळी वाढत जाते, म्हणजे तिथला हवेचा दाब कमी होत जातो, पिशवीच्या आतला दाब मात्र बाहेरच्या हवेच्या जवळ येतो. या दोन दाबांच्या मध्ये एक लवचीक पडदा बसवलेला असतो. फरक ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की पडदा ओढला जातो, झाकणाचा खटका सुटतो आणि मोटारीचा वीजपुरवठा तुटतो. दाब पिशवीच्या दोन्ही बाजूंनी घेतला जात असल्यामुळे नळीच्या तोंडात मोजा अडकला तरी यंत्र थांबत नाही, कारण तेव्हा दोन्हीकडची पोकळी सारखीच वाढते. आजच्या अनेक यंत्रांवर पिशवी भरल्याची नुसती खूण दिसते आणि ती पाहताना नळीचे तोंड जमिनीपासून उचलून धरा, अशी सूचना असते. तशी काळजी येथे घ्यावी लागत नाही.

थांबणे महत्त्वाचे का, हे मला वापरता वापरता समजले. पिशवीतून गाळून आलेली हवाच मोटारीला थंड ठेवते. पिशवी तुंबली की मोटारीचा आवाज चढतो. जास्त जोर लावावा लागल्यामुळे तसे होते, असे मी समजत होतो. प्रत्यक्षात ढकलायला हवाच कमी उरल्यामुळे तिच्यावरचा भार उतरतो, ती अधिक वेगाने फिरते आणि वीजही कमी घेते, पण थंडावा मिळत नसल्याने तापत जाते. साठ वर्षांपूर्वीची मोटार अजून चालते याचे बरेचसे श्रेय मी त्या पडद्याला देतो.

पहिले तीन महिने मात्र हा पडदा कामच करत नव्हता. पिशवी दगडासारखी घट्ट झाली, गालिच्यावरचे केस उचलले जाईनात, तरी यंत्र चालूच राहिले. जुनी यंत्रे दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध कारागिराने ते उघडून दाखवले, तेव्हा पडद्याचे रबर वाळून कडक झालेले आणि कडेला चिरलेले दिसले. त्याने तो पडदा आणि झाकणाच्या कडेचे रबर, दोन्ही बदलून दिले. त्यानंतर जूनमध्ये एका रविवारी यंत्र पहिल्यांदा आपणहून थांबले आणि झाकण खाडकन उघडले. तो आवाज ऐकून मला खरोखर आनंद झाला.

हे यंत्र केर किती जमला ते मोजत नाही, पिशवीतून हवा किती सहज जाते ते मोजते. दिवाळीनंतर दारातली रांगोळी मी याच यंत्राने ओढून घेतली, तर नवी पिशवी तिसरा हिस्साही भरली नसताना ते थांबले. ती बारीक दगडी पूड कागदाच्या छिद्रांत जाऊन बसली होती. उलट मांजराचे केस आणि गालिच्याचे तंतू इतके सैल बसतात की पिशवी गच्च भरली तरी हवा वाट काढत राहते. यासाठी यंत्रावर एक फिरवायची चकती आहे, तिने खटका लवकर सुटावा की उशिरा हे ठरवता येते. रांगोळी आणि पीठ आता मी आधी झाडूने भरून घेतो.

पिशव्यांचा फरकही मोठा आहे. या यंत्राला ‘स्टाइल सी’ प्रकारची पिशवी लागते. ऑनलाइन घेतलेल्या स्वस्त, जाड कागदाच्या पिशव्यांनी यंत्र दर दहा-बारा दिवसांनी थांबू लागले. कापडासारख्या कृत्रिम धाग्यांच्या पिशव्यांत धूळ थराच्या आतपर्यंत मुरते, त्यामुळे हवा अधिक काळ वाहते आणि एक पिशवी आम्हाला साधारण सहा आठवडे पुरते. पिशवीचा प्रकार बदलला की चकतीही नव्याने लावावी लागते.

पुण्यातील मेहुण्यांनी असे यंत्र तिकडे आणण्याबद्दल विचारले होते. मोटार १२० व्होल्टची असल्यामुळे तेथे वेगळा, जड ट्रान्सफॉर्मर लागेल, म्हणून मी त्यांना तसे न करण्याचा सल्ला दिला. अमेरिकेत घेणाऱ्यांनी पैसे देण्यापूर्वी एक जुनी पिशवी बाहेरून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून यंत्रात बसवावी आणि बटण दाबावे. खटका काही क्षणांत सुटला तर पडदा शाबूत आहे. न सुटल्यास यंत्र लगेच बंद करावे आणि दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करून मागावा.