ज्या दंत महाविद्यालयात मी पाच वर्षे काढली

मी ज्या दंतवैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली, तिथे प्रवेश घ्यावा की नाही, असे दर वर्षी प्रवेशाच्या दिवसांत कोणी ना कोणी मला विचारते, आणि दर वेळी मी फोनवर घाईघाईने अर्धेमुर्धे उत्तर देऊन मोकळी होते. विचारणाऱ्याच्या आयुष्यातली पाच वर्षे पणाला लागलेली असताना असे करणे बरे नव्हे, म्हणून एकदा नीट लिहायचे ठरवले.

चौकशी करणारे पालक इमारत, वसतिगृह आणि निकालाची टक्केवारी विचारतात. या तिन्ही गोष्टी आमच्याकडे बऱ्यापैकी आहेत आणि तिन्हींवरून फारसे काही कळत नाही. दंतवैद्यक हे हाताचे शास्त्र आहे. पदवी हातात पडेपर्यंत विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने किती रुग्णांचे उपचार शेवटपर्यंत नेले, आणि ते करत असताना जाणता शिक्षक किती वेळा त्याच्या खुर्चीशेजारी उभा होता, या दोनच गोष्टींवर माझ्या मते महाविद्यालय तोलावे. आमच्या महाविद्यालयात पहिली गोष्ट भरपूर मिळते. दुसरी काही विभागांत उत्तम मिळते आणि काही विभागांत जवळजवळ मिळतच नाही.

रुग्णांची संख्या ही या महाविद्यालयाची खरी श्रीमंती आहे. सकाळी नोंदणीची खिडकी उघडण्यापूर्वीच रांग लागलेली असते आणि त्यात ठणकणाऱ्या दाढेपासून पूर्ण कवळीपर्यंत सगळ्या तऱ्हेची माणसे असतात. चकचकीत उपकरणे असूनही रुग्णच नसल्यामुळे विद्यार्थी एकमेकांचे दात साफ करत वर्ष काढतात, अशी महाविद्यालयेही आहेत. तो प्रसंग आमच्याकडे कधीच आला नाही. मुखशल्यचिकित्सा विभागात तर या गर्दीला शिस्तीची जोड होती. खालच्या जबड्याच्या मज्जातंतूला भूल देण्याची माझी पहिली वेळ मला आजही हातासकट आठवते. सिरिंज विरुद्ध बाजूच्या उपदाढांवरून आत न्यायची, सुई हाडाला टेकेपर्यंत सावकाश पुढे सरकवायची, दट्ट्या किंचित मागे ओढून रक्त येत नाही ना हे पाहायचे आणि मगच औषध सोडायचे, हे सारे मला पाठ होते. पण हाडाला सुई टेकते म्हणजे बोटांना नेमके काय जाणवते, हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नसते. सरांनी माझ्या कोपराला खालून हात लावला आणि एवढेच म्हणाले, “थांब, आता टेकली.” ती जाणीव मला त्या क्षणी कळली ती कायमची. दोन-तीन मिनिटांनी रुग्ण म्हणाला की ओठ सुजल्यासारखा जड वाटतो आहे, तेव्हा सरांनी मान हलवली आणि ते पुढच्या खुर्चीकडे गेले. या विभागात पहिली काही दात काढण्याची कामे अशीच कोणाच्या तरी हाताखाली होतात. त्यामुळे इथून बाहेर पडणारा विद्यार्थी साधी दाढ काढायला घाबरत नाही, आणि अवघड अक्कलदाढ कोणती व ती कोणाकडे पाठवावी, हेही त्याला कळते.

रुग्णांपर्यंत पोचण्याआधीच्या दोन वर्षांत प्रयोगशाळेत जे शिकवले जाते, त्याबद्दल माझे मत संमिश्र आहे. शिकवण्यात कसूर नाही. प्लास्टिकच्या दाताला दोन दाढांच्या मधल्या बाजूने कॅव्हिटी कोरताना शेजारच्या दाताला साधा ओरखडाही उठता कामा नये, हा तिथला दंडक आहे. मॅडम भिंग लावून आधी शेजारचा दात पाहत आणि मगच आपण कोरलेला. माझे अकरा दात कचऱ्यात गेले आणि बारावा पसंत पडला. एअरोटर, म्हणजे दात कोरायचे हवेवर चालणारे यंत्र, मोकळा फिरताना मिनिटाला सुमारे तीन ते चार लाख फेरे घेतो, त्यामुळे पापणी लवते न लवते तोच निरोगी शेजाऱ्याचे आवरण खरवडले जाते, आणि जिवंत माणसाच्या तोंडात ते परत आणता येत नाही. तो सक्तीचा काळ मला आज उपकारासारखा वाटतो.

अडचण फँटम हेडची आहे. माणसाच्या डोक्याच्या आकाराचे हे कृत्रिम मस्तक खुर्चीसारखे खालीवर करता येते आणि त्याच्या जबड्यात दात बसवून काम करता येते. आमच्या तुकडीला ती पुरेशी नव्हती. पाळी येईपर्यंत प्लास्टरमध्ये रोवलेला दात हातात धरून कोरायचा, अशी पद्धत पडून गेली होती. ही वरवर किरकोळ वाटणारी बाब किती महागात पडते, हे मला रुग्ण समोर आल्यावर कळले. हातातला दात आपण हवा तसा फिरवतो. तोंडातला दात फिरत नाही, आपल्यालाच फिरावे लागते. वरची मागची दाढ आरशातच पाहावी लागते आणि आरशातल्या उलट प्रतिमेवर हात चालवायची सवय रक्तात भिनायला महिने लागतात. ती सवय नसल्यामुळे मी पहिले सहा महिने मान वाकडी करून रुग्णाच्या तोंडात डोकावत असे आणि संध्याकाळी मान धरलेली असे. चुकीची बसण्याची सवय सोडवायला मला पदवीनंतरची दोन वर्षे लागली.

आता सर्वांत दुखऱ्या विषयाकडे येते. अंतिम परीक्षेला बसण्यापूर्वी प्रत्येक विभागात ठरावीक संख्येने उपचार पूर्ण करावे लागतात. त्याला सगळे कोटा म्हणतात. कोटा मुळात वाईट नाही, कारण त्यामुळे प्रत्येकाच्या हाताखालून किमान काम जाते. पण शिक्षक कमी आणि विद्यार्थी जास्त असले की त्याचे रूप पालटते. रुग्ण माणूस न राहता आकडा होतो, ज्याच्या दाताने आकडा वाढत नाही त्याला दुसऱ्या दिवशी या असे सांगितले जाते, आणि वर्षाअखेरीस सहीसाठी शिक्षकांच्या खोलीबाहेर केस पेपर घेऊन उभे राहावे लागते. रूट कॅनालच्या विभागात मी हे सगळे पाहिले आणि केलेही. वरच्या पहिल्या दाढेच्या पुढच्या, गालाकडच्या मुळात अनेकदा एकाऐवजी दोन नलिका असतात, म्हणजे त्या दाढेत एकूण चार. मी तीन नलिका भरल्या, एक्स-रे नीटनेटका दिसला, दारातच सही मिळाली. काही महिन्यांनी त्याच बाई त्याच दाढेवर हात ठेवून परत आल्या. चौथी नलिका राहून गेली होती. कोणीतरी शेजारी बसून “इथे अजून एक शोध” असे म्हणाले असते, तर त्यांच्या वाट्याला ते दुखणे पुन्हा आले नसते. ज्यातून ती नलिका सहज दिसली असती तो मायक्रोस्कोप इमारतीत होता, पण पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या खोलीत आणि कुलपात.

रबर डॅमचेही तसेच. काम करायचा दात लाळेपासून वेगळा ठेवणारा हा रबराचा पडदा सॅनफर्ड बार्नम या दंतवैद्याने 1864 साली वापरात आणला, आणि रूट कॅनाल करताना तो लावणे हे आजचे मान्य वैद्यक आहे. आमच्याकडे तो परीक्षेच्या दिवशी कपाटातून बाहेर येत असे. जी गोष्ट फक्त परीक्षेपुरती शिकवली जाते ती पुढे दवाखान्यात कोणी लावत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

जगातले पहिले दंत महाविद्यालय 1840 साली बाल्टिमोरमध्ये होरेस हेडन आणि चॅपिन हॅरिस यांनी स्थापन केले. त्यापूर्वी हे काम बहुधा एखाद्या जाणत्याच्या हाताखाली उमेदवारी करून शिकले जाई. महाविद्यालयांनी त्या उमेदवारीला शास्त्राचा पाया दिला, हे निःसंशय. पण गुरूच्या खांद्याला खांदा लावून शिकण्याची जागा व्याख्यानाने भरून निघत नाही.

कृत्रिम दंतशास्त्र विभागाने ती जागा आमच्याकडे जपली आहे. पूर्ण कवळी करताना माप घेण्यापासून मेणात दात मांडण्यापर्यंतचे काम विद्यार्थ्यालाच करावे लागते, तंत्रज्ञाकडे पाठवून मोकळे होता येत नाही. एका आजोबांना मी मेणातली कवळी लावून पाहत होते आणि दात मला फार सुंदर दिसत होते. मॅडमनी मला बाजूला बसवले आणि त्यांना फक्त बोलते ठेवले. ‘व’ आणि ‘फ’ म्हणताना वरच्या दातांची कड खालच्या ओठाला अलगद स्पर्शते का, ‘स’ म्हणताना वरचे आणि खालचे दात जवळ येऊनही एकमेकांवर आपटत नाहीत ना, हे त्या कानांनी आणि डोळ्यांनी तपासत होत्या. दात आपटत होते. कवळीची उंची जास्त झाली होती. मी पुन्हा मेण तापवले.

निर्जंतुकीकरणाची व्यवस्था चोख आहे. उपकरणांचे प्रत्येक पाकीट ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे दाबाखालच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रातून, रंग बदललेल्या पट्टीसह येते आणि ती पट्टी न पाहता पाकीट फोडल्यास बोलणी खावी लागतात. ग्रंथालय पुरेसे आहे. दातांचे माप तोंडातच टिपणारा डिजिटल स्कॅनर एकच आहे आणि तो बहुतेक वेळा पाहुण्यांना दाखवण्यापुरताच बाहेर येतो, अशी तक्रार मुले करतात. मी मात्र तिला फार वजन देत नाही. दाताची कड नीट घासता आली नाही किंवा हिरडीतून रक्त येऊन ती झाकली गेली, तर स्कॅनरलाही ती दिसत नाही. ज्याचा हात तयार आहे तो स्कॅनर थोड्या सरावात शिकतो.

खर्चाचा हिशेब मांडताना मात्र शुल्काच्या तक्त्यावर थांबू नये. हातातली उपकरणे, बर (दात कोरायची टोके), मेण, सरावाचे दात हे दर वर्षी वेगळे घ्यावे लागते, आणि कोटा अपुरा राहिल्यास लांबणाऱ्या महिन्यांचा खर्च तर कोणी आधी सांगतच नाही. आमच्या तुकडीतले काही जण केवळ दोन-तीन राहिलेल्या उपचारांसाठी एक सत्र मागे पडले.

म्हणून सर्वसाधारण दवाखाना चालवायचा आहे, शल्यक्रियेकडे किंवा कृत्रिम दातांकडे ओढा आहे, त्याने इथे जरूर यावे, असे मी निःशंकपणे म्हणेन. रूट कॅनालच्या कामात किंवा संशोधनात पुढे जायचे असेल, तर दुसरा पर्याय हाताशी असताना मी हे महाविद्यालय सुचवणार नाही.

यंदा माझ्या मावसबहिणीच्या मुलीने हाच प्रश्न केला, तेव्हा मी तिला उत्तर देण्याऐवजी कामाच्या दिवशी, ऐन अकरा वाजता तिथे पाठवले. प्रत्येक विभागात अर्धा तास उभी राहा, शिक्षक सही करण्याव्यतिरिक्त किती वेळा खुर्चीपाशी येतात ते मोज, आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांना विचार की तुमचे काय राहिले आहे, एवढेच तिला सांगितले होते. ती वहीत आकडे घेऊन परत आली आणि ते माझ्या आठवणींशी जवळजवळ जुळले: शल्यचिकित्सेत शिक्षक खुर्ची सोडत नव्हते, रूट कॅनाल विभागात अर्ध्या तासात एकदाच आले. तिला शल्यचिकित्साच करायची आहे, म्हणून तिने हेच महाविद्यालय पहिल्या पसंतीला लिहिले आणि मी अडवले नाही. फक्त पहिल्याच उपकरणांच्या यादीत रबर डॅमचा संच लिहून घ्यायला लावला, आणि नलिका भरण्यापूर्वी दाढ कोणाला तरी दाखवल्याशिवाय पुढे जाणार नाही, असा शब्द तिच्याकडून घेतला.