ईसी२ सर्व्हरची आकडेवारी टर्मिनलवरून काढताना: सार की क्लाउडवॉच?

ॲमेझॉनच्या ईसी२ या भाड्याने सर्व्हर देणाऱ्या सेवेवर लिनक्सचे मोजके सर्व्हर सांभाळणाऱ्यांपुढे हा प्रश्न लवकरच येतो. भाराची मागील आकडेवारी हवी असेल, तर सर्व्हरमध्ये लॉगिन करून सिसस्टॅट या देखरेखीच्या साधनांच्या संचातील सार ही कमांड चालवावी, की आपल्याच लॅपटॉपवरून एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेच्या) कमांड लाइन साधनाने तिच्या क्लाउडवॉच या देखरेख सेवेकडून आकडे मागवावेत? वापरायला दोन्ही सोपी आहेत. नोंद कुठून घेतली जाते आणि कुठे साठते, यात मात्र मोठा फरक आहे, आणि निवड त्यावरच करावी असे माझे स्पष्ट मत आहे.

सार सर्व्हरच्या आतून पाहते. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, नेटवर्क, कामांची रांग हे सारे तिच्या नोंदींत असते. क्लाउडवॉच मूळ स्वरूपात बाहेरून पाहते, त्यामुळे मेमरी किती वापरली गेली किंवा डिस्क किती भरली, हे त्याला वेगळा एजंट (सर्व्हरच्या आत चालून आकडे पाठवणारा छोटा प्रोग्रॅम) बसवल्याशिवाय कळत नाही. मेमरी संपल्याने डेटाबेस बंद पडत असेल, तर एजंट नसलेल्या क्लाउडवॉचमध्ये कारण शोधणे व्यर्थ आहे. उलट, टी२सारख्या सर्व्हरचे सीपीयू क्रेडिट (प्रोसेसर जास्त वेगाने चालवण्याची साठवलेली मुभा) संपल्यामुळे वेग घसरला असेल, तर सारमध्ये फार तर स्टीलचा (प्रोसेसर मिळण्याची वाट पाहण्यात गेलेल्या वेळेचा) आकडा वाढलेला दिसेल. शिल्लक क्रेडिट किती होते, हे क्लाउडवॉचच सांगू शकते.

नोंदींमधील अंतराकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. सारच्या नोंदी सहसा दर 10 मिनिटांनी होतात, तर क्लाउडवॉचच्या मोफत पातळीवर ईसी२चे आकडे 5 मिनिटांचे असतात आणि 1 मिनिटाच्या आकड्यांसाठी पैसे मोजावे लागतात. प्रोसेसर 2 मिनिटे शंभर टक्के आणि उरलेली 8 मिनिटे 5 टक्के चालला, तर 10 मिनिटांची सरासरी 24 टक्के येते. वापरकर्त्यांची विनंती अडकली तो काळ त्या आकड्यात बुडून जातो. सारचे अंतर टायमरच्या फाइलमध्ये एका ओळीत बदलता येते, त्याला खर्च नाही, आणि ते काम पहिल्याच दिवशी करावे. डेबियन व उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांवर सिसस्टॅट बसवल्यानंतर नोंदी घेणे सुरू आहे ना, हेही तेव्हाच तपासावे, कारण ते अनेकदा बंद असते.

वेळेच्या बाबतीत दोन्हीकडे सावध राहावे लागते. भारतात 15 तारखेच्या पहाटे 2:30 वाजता घडलेली घटना क्लाउडवॉचकडे मागताना यूटीसीनुसार (जागतिक प्रमाणवेळेनुसार) 14 तारीख, 21:00 अशी वेळ द्यावी लागते. सर्व्हरचे घड्याळही यूटीसीवर असेल, तर सारची नोंद 14 तारखेच्याच फाइलमध्ये सापडते. मात्र कमांडच्या आधी टीझेड हे वेळक्षेत्र ठरवणारे चल (व्हेरिएबल) एशिया/कोलकाता असे दिले, की वेळा भारतीय वेळेनुसार छापल्या जातात. क्लाउडवॉचची गेट-मेट्रिक-स्टॅटिस्टिक्स ही कमांड आकडे कालक्रमाने देतेच असे नाही, म्हणून ते वेळेनुसार लावून मगच वाचावेत. पुढे स्क्रिप्टला द्यायचे असल्यास जेसन (प्रोग्रॅमला सहज वाचता येणारे माहितीचे स्वरूप) दोन्हीकडून मिळते. सारच्या फाइलींसाठी त्याच संचातील सॅडएफ ही कमांड वापरावी.

साठवणीत क्लाउडवॉच निर्विवाद पुढे आहे. तेथे 1 मिनिटाचे आकडे 15 दिवस, 5 मिनिटांचे 63 दिवस आणि तासाचे 455 दिवस राहतात. सारच्या फाइली डेबियनवर मुळात 7 दिवस, रेड हॅटवर 28 दिवस ठेवल्या जातात. ही मुदत वाढवता येते, पण फाइली त्या सर्व्हरच्याच डिस्कवर असतात. ऑटो स्केलिंगने (भारानुसार सर्व्हर आपोआप वाढवणाऱ्या-घटवणाऱ्या सोयीने) सर्व्हर काढून टाकला, की सहसा डिस्कबरोबर त्याच्या नोंदीही जातात. म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्या सर्व्हरांसाठी एजंटसह क्लाउडवॉच आणि वर्षानुवर्षे चालणाऱ्या एखाद-दुसऱ्या सर्व्हरसाठी सार, अशी निवड मी करेन. प्रोमेथियस ही वेगळी देखरेख प्रणाली आधीच चालू असेल, तर तिच्या प्रॉमटूल या कमांडने तेच आकडे मिळतात. केवळ एवढ्यासाठी ते नव्याने उभारू नये.

रात्रपाळीच्या सहकाऱ्यांनी आकडे पाहावेत, पण सर्व्हरमध्ये शिरू नये, असे धोरण असेल, तर निवड आणखी सोपी होते: क्लाउडवॉचसाठी आयएएम या एडब्ल्यूएसच्या परवानग्यांच्या व्यवस्थेत फक्त वाचण्याची परवानगी देता येते, तर सारसाठी सर्व्हरवर लॉगिन द्यावेच लागते.