गावाची लोकसंख्या दाखवणारी साइट, तीन स्टार आणि तेही मेहरबानी

मोखाड्यातलं आमचं गाव पालघर जिल्ह्यात शोधत बसलो, सापडेचना, दहा मिनिटांनी ट्यूब पेटली की अहो आकडे 2011 च्या जनगणनेचे आणि पालघर जिल्हा झाला 1 ऑगस्ट 2014 ला, म्हणजे गाव ठाण्यातच असणार. होतंच तिथे. एवढी एक ओळ लिहायला साइटवाल्यांचं काय जात होतं?

घरं, पुरुष, बायका, 0 ते 6 वयाची पोरं, सगळं आहे. पण साक्षरतेचा टक्का यांनी अख्ख्या लोकसंख्येवर काढलाय, जनगणनेत तो 7 वर्षं आणि वरच्यांवरच काढतात, त्यामुळे लहान पोरं जास्त असलेलं गाव उगाच अडाणी दिसतं राव.

आणखी एक, मोजणी झाली 9 ते 28 फेब्रुवारीत, भात झोडून झालं की आमच्याकडची निम्मी घरं कुलूप लावून वीटभट्टीवर जातात, मग गावाचा आकडा बघून माणसं कमी कशी म्हणून बोंबलू नका.

मोबाइलवर टेबल अर्धं कापलं जातं. जिल्हा जनगणना पुस्तिकेची पीडीएफ फुकट मिळते, जड आहे, पण मी आता तीच उघडतो.