पहिला पैसा लशीत की कुंपणात?

महूच्या बाजूला वीस-पंचवीस डुकरांचा वाडा घालायचं ज्याच्या मनात आहे, तो आधी विचारतो, ‘लस कोणती द्यायची?’ प्रश्न अर्धाच बरोबर आहे.

डुकरांच्या जिवावर बेतणारे ताप दोन: क्लासिकल स्वाइन फिव्हर आणि आफ्रिकन स्वाइन फिव्हर. नावं भावंडांची, विषाणू मात्र परके. दोन्हींत जनावर तापाने फणफणतं, खाणं सोडतं, कान जांभळे पडतात. नुसतं बघून फरक सांगणाऱ्याचं ऐकू नका. नमुना प्रयोगशाळेतच जावा लागतो, आणि आफ्रिकनची खात्री करणारी प्रयोगशाळा भोपाळलाच आहे, हे आपलं नशीब. माणसाला दोन्ही होत नाहीत.

क्लासिकलवर लस आहे, जुनी आणि भरवशाची. पिल्लांना दोन महिन्यांच्या सुमारास, पुढे वर्षातून एकदा. फार लवकर टोचली तर आईच्या चिकातून आलेली प्रतिकारशक्तीच तिला निकामी करते. इथे काटकसर नको.

आफ्रिकनचं गणितच वेगळं. २०२० मध्ये तो आसाम-अरुणाचलात आला, २०२२ च्या ऑगस्टमध्ये आपल्या मध्य प्रदेशातल्या रीव्यात. आपल्याकडे त्यावर ना लस, ना औषध. शिरला की वाडा रिकामा करूनच जातो. तो येतो नव्या डुकरातून, व्यापाऱ्याच्या चपलेतून आणि खरकट्यातून. म्हणून कुंपण, दाराशी चुना, वाड्यातच ठेवायचे गमबूट, आणि विकत आणलेलं जनावर महिनाभर वेगळं.

खरा मोह खरकट्याचा. हॉटेलवाला फुकट देतो, पण त्यात डुकराच्या मांसाचा तुकडा असला तर विषाणूही असू शकतो. गोठवलेल्या मांसात तो महिनोन्‌महिने टिकतो. घालायचंच तर ९० अंशांवर तासभर, सतत ढवळत शिजवा. लाकडं आणि मजुरी धरली की फुकट फुकट राहत नाही. माळव्यात सोयाबीनची पेंड आणि मक्याचा भरडा मिळत असताना मी तरी त्या डब्याच्या वाटेला जाणार नाही.

आफ्रिकन ठरला तर एक किलोमीटरच्या आतली डुकरं मारतात. भरपाई सरकारने मारलेल्यांची मिळते, आधीच मेलेल्यांची नाही. म्हणून दोन अचानक गेली की उरलेली घाईने विकू नका. त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.