बेस गिटारचं किट घेताय? सँडपेपरआधी मोजपट्टी काढा

घरी जोडायच्या सुट्या भागांच्या किटच्या जाहिरातीत लिहिलं होतं: चार तारांची प्रिसिजन पद्धतीची बेस, ३४ इंची स्केल (तारेची वाजणारी लांबी), अखंड ॲश लाकडाची बॉडी, ॲल्निको चुंबकाचा पिकअप (तारेचं कंपन विजेत बदलणारा भाग), आतून शिल्डिंग (बाहेरची विजेची खरखर अडवणारा लेप) केलेलं, सगळी भोकं पाडून तयार. खोक्यातून निघालं ते असं: प्लायवूडवर चिकटवलेला ॲशचा पापुद्रा, सिरॅमिक चुंबकाचा पिकअप, साध्या काळ्या रंगाने माखलेले खड्डे आणि १० मिमीहून जास्त मागे पाडलेली ब्रिजची (बॉडीवर तारा अडकवायच्या पत्र्याची) भोकं. तक्रारीवर विक्रेत्याचं उत्तर एका ओळीचं: "माल वापरलेला आहे, परत घेता येणार नाही." तोवर बॉडी घासून तिच्यावर सीलर (लाकडाची छिद्रं बुजवणारा लेप) चढला होता.

सगळी मेख त्या उत्तरातच आहे. किट घेतलं की माणूस आधी बॉडी घासतो, सीलर मारतो, रंगाचे हात देतो, वाळायला टांगून ठेवतो. पावसाळ्यात मुंबई-कोकणात यातच तीन आठवडे सहज जातात. तारा चढतात त्या सगळ्यात शेवटी, आणि खोट कळते तीही तेव्हाच. परत करायची मुदत मात्र सात किंवा दहा दिवसांची. त्यामुळे खोकं आल्या दिवशी लाकडाला सँडपेपर न लावता सगळं कोरडं जोडून पाहायचं आणि मोजायचं. तासाभराचं काम आहे. स्टीलची मीटरपट्टी, साधा मल्टीमीटर, दोरा, टॉर्च आणि ॲलन की एवढ्यात भागतं.

सुरुवात स्केलपासून करा, कारण बाकी काहीही बदलता येतं, हे नाही. १९५१ साली फेंडरची प्रिसिजन बेस आली तेव्हापासून ३४ इंच, म्हणजे ८६४ मिमी, हे तिचं माप. नटच्या (नेकच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) फिंगरबोर्डकडच्या कडेपासून बाराव्या फ्रेटच्या (फिंगरबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या) मध्यापर्यंत त्याचं निम्मं, १७ इंच किंवा ४३२ मिमी भरलं पाहिजे. १५ इंच भरलं तर तो ३० इंची शॉर्ट स्केलचा नेक आहे. शॉर्ट स्केल वाईट नसते, पण त्याच तारा लावल्या तर ताण जवळजवळ २२ टक्के कमी पडतो आणि ई तार, म्हणजे सगळ्यात जाड तार, लोंबते. ३४ म्हणून ३० विकणं ही सरळ लबाडी.

नेक ठीक निघाला तरी काम संपलं नाही. तो खाचेत बसवून समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन स्क्रू लावा, ब्रिज त्याच्या भोकांवर ठेवा आणि बाराव्या फ्रेटपासून सॅडलपर्यंत (ब्रिजवर तार टेकते त्या सरकत्या तुकड्यापर्यंत) मोजा. सगळ्यात बारीक ‘जी’ तारेचं सॅडल ४३२ मिमीहून किंचित जास्त, साधारण एक-दोन मिमी जास्त अंतरावर, आणि ई तारेचं त्याहून तीन-चार मिमी मागे नेता आलं पाहिजे. शिवाय दोन्हीकडे सरकायला जागा उरायला हवी. या किटमध्ये सॅडलं नेकच्या दिशेने पार टोकापर्यंत आणली तरी ‘जी’ तारेचं अंतर ४४२ भरत होतं. म्हणजे तारेची लांबी ८७४, आणि बाराव्या फ्रेटवर स्वर सुमारे २० सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) खाली. मोकळी तार सुरात, बाराव्यावर बेसूर. ट्यूनरची सुई डावीकडे पडलेली. सॅडलचा स्क्रू कितीही पिळला तरी ती हलत नाही. वादक आधी स्वतःच्या कानावर संशय घेतो, मग तारांवर. विक्रेताही तेच सांगतो: "तारा बदलून बघा." त्यात आणखी चार दिवस जातात.

अशी चूक कारखान्यात एकट्या नगात कशी होते? बहुधा होतच नाही. एका लॉटच्या बॉडी आणि दुसऱ्या लॉटचे नेक, दोन्ही नाकारलेले, एकत्र करून विकले की खाचेची खोली आणि नेकची टाच जुळत नाही. फेंडर पद्धतीच्या टाचेची रुंदी अडीच इंच, ६३.५ मिमी. ती खाचेत मोकळी डुलत असेल किंवा बाजूला पोस्टकार्ड जाईल एवढी फट दिसत असेल तर ताबडतोब सावध व्हा. नटच्या ई आणि जी खाचांतून दोरे ताणून सॅडलपर्यंत आणा. फिंगरबोर्डच्या दोन्ही कडांपासून ते सारख्या अंतरावर राहिले तर रेष सरळ आहे.

आता लाकूड. वरची बाजू बघून काही कळत नाही. टॉर्च पिकअपच्या खड्ड्यात आणि नेकच्या खाचेत मारा. अखंड लाकडाचा रेषांचा पोत वरून खाली सलग उतरतो. प्लायवूडचे थर आडवे, एक फिका, एक गडद असे दिसतात. इथे या विक्रेत्याची हुशारी होती: खड्डे काळे रंगवून त्याला "शिल्डिंग" नाव दिलेलं. शिल्डिंगचा खरा रंग कार्बनचा, वीज वाहणारा असतो. मल्टीमीटर ओहमवर ठेवून दोन टोकं दोन सेंटीमीटरवर टेकवा. काहीशे ओहम किंवा काही किलोओहम आले तर रंग खरा. आकडाच आला नाही तर तो फक्त थर झाकायला फासलेला काळा रंग. नेकच्या खाचेत, जिथे पुढे दिसणार नाही, ब्लेडने नखाएवढं खरवडलं की खाली काय आहे ते दिसतं. प्लायवूडची बेस वाजत नाही असं नाही. पण वरचा पापुद्रा जेमतेम अर्ध्या मिमीचा. अखंड लाकूड समजून त्यावर १२० नंबरचा कागद चालवलात तर कडेला आरपार जाल आणि खालचा गोंद स्टेन पिणार नाही. तो डाग मग कशानेच जात नाही.

पिकअप उलटा करून पाहा. ॲल्निकोमध्ये तारेखाली दिसणारे खांब स्वतःच चुंबक असतात आणि मागे फक्त त्यांची टोकं दिसतात. मागे काळपट चपटी पट्टी चिकटवलेली असेल तर चुंबक ती, आणि वरचे खांब नुसत्या लोखंडाचे. प्रिसिजनच्या दोन तुकड्यांच्या पिकअपचा रोध एकत्रित साधारण १० ते १२ किलोओहम येतो. प्रत्येक तुकडा वेगळा मोजला तर निम्मा. एका तुकड्यावर आकडाच येत नसेल तर वायर आतून तुटलेली आहे आणि दोन्ही तुकडे एकामागोमाग जोडलेले असल्याने अख्खा पिकअप मुका राहणार. व्हॉल्यूम आणि टोन, दोन्ही पॉट (नॉबखालचे फिरते रोध) २५० किलोओहमचे हवेत. बाहेरच्या दोन पायांवर मोजा, २०० ते ३०० चालतं. टोनच्या कपॅसिटरवर ४७३ लिहिलेलं असेल तर तो ०.०४७ मायक्रोफॅरडचा, बरोबर.

आणखी एक गोष्ट "सगळी भोकं तयार" या शब्दांत लपते. ब्रिजखालून कंट्रोलच्या खड्ड्यात ग्राउंडची वायर न्यायला तिरकं भोक लागतं. ते नसेल तर ॲम्पमधून घुंई येत राहते. हे भोक साध्या ड्रिलबिटने होत नाही, लांब बिट लागतो. रंग दिल्यावर पाडायला गेलात तर कड उडण्याची भीती.

ट्रस रॉड म्हणजे नेकचा बाक जुळवणारी आतली सळई. तिचा पेचाचा नट ॲलन कीने पाव फेरा फिरवा. फिंगरबोर्डवर उभ्या धरलेल्या पट्टीखालची फट बदलली पाहिजे. उलट पाव फेरा दिला की ती दुसऱ्या दिशेने जायला हवी. नट भोवऱ्यासारखा मोकळा फिरला किंवा जागचा हललाच नाही, तर तिथेच थांबा. जोर लावून तो तुटला तर दोष तुमच्या माथी.

मात्र प्रत्येक खडबडीतपणाला फसवणूक म्हणू नका. फ्रेटची टोकं हाताला लागणं, नटच्या खाचा उंच असणं, तारा गंजकट असणं, खड्ड्यात भुसा उरणं, हे स्वस्त किटमध्ये गृहीत धरायचं. कानसेने, कागदाने, नव्या ४५-१०५ जाडीच्या तारांनी ते निभावतं. जाहिरातीत एक लिहून दुसरं पाठवलं तर ती फसवणूक. म्हणून पैसे देण्याआधी जाहिरातीचा स्क्रीनशॉट घ्या, आणि मोजपट्टी बारावा फ्रेट ते ब्रिज अशी लावून त्याच नगाचा फोटो मागा. ज्याच्याकडे माल आहे तो पाच मिनिटांत पाठवतो.

"वीस टक्के परत देतो, किट ठेवून घ्या" किंवा "नवा ब्रिज फुकट पाठवतो" यावर मुदत संपायच्या आत हो म्हणू नका. भोकं चुकलेली असताना नवा ब्रिज काय कामाचा? ज्या ॲपवरून घेतलं त्याच ॲपवर, लेखी, मापांच्या फोटोंसह तक्रार टाका. फोनवरच्या बोलण्याला पुरावा नाही. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. नाही दिला तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही आणि दोन वर्षांची मुदत आहे. "किट कस्टममध्ये अडकलंय, यूपीआयवर भरा" असा फोन आला तर तो चोर. पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा, कारण रक्कम गोठवायची संधी पहिल्या काही तासांतच असते.

आणि मुदत टळूनच गेली असेल तर चुकलेली भोकं बुजवता येतात. भोक ६ मिमीपर्यंत सरळ वाढवा, कठीण लाकडाची तेवढीच खुंटी लाकडाच्या गोंदात बुडवून ठोका, चोवीस तास वाळू द्या, पृष्ठभागाशी सपाट तासा. मग सॅडलं प्रवासाच्या मध्यावर ठेवून ब्रिज ४३२ च्या हिशेबाने पुढे घ्या, दोऱ्याने रेष तपासा आणि ब्रिजच्या स्क्रूच्या दांड्याहून किंचित बारीक बिटने नवी भोकं पाडा.