बेबी मास्कचा स्पेसर: घ्यावा का, आणि न्याहारीच्या आधीच का द्यावा

दर सर्दीला छाती घरघरते, रात्री खोकल्याची उबळ येते आणि जेवलेलं सगळं उलटून पडतं, अशा एक ते चार वर्षांच्या मुलाला डॉक्टरांनी पंप (इन्हेलर) लिहून दिला असेल, तर वाफेच्या मशीनच्या आधी स्पेसर घ्या. पंप आणि मुलाचं तोंड यांच्यामध्ये लावायची, काही शे रुपयांची ही नळकांडी आहे. साध्या ते मध्यम त्रासात तिच्यातून दिलेलं साल्ब्युटामॉल (श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध) नेब्युलायझर म्हणजे वाफेच्या मशीनइतकंच काम करतं. मशीनला आठ-दहा मिनिटं लागतात, आवाजाने मूल बिथरतं आणि वीज गेली की सगळंच अडतं.

आपल्याकडे झिरोस्टॅट व्हीटी नावाचा स्पेसर सहज मिळतो. त्याचे दोन पारदर्शक अर्धे भाग खाचेत बसवून जोडायचे असतात. जोड नीट बसला नाही तर हवा तिथूनच ओढली जाते, म्हणून प्रत्येक वेळी बोट फिरवून बघा. मास्क वेगळा मागून घ्यावा लागतो, आणि दुकानात नेमका तोच राहून जातो. परदेशातल्या मराठी घरांत एअरोचेंबर हा स्पेसर दिसतो. त्यात मास्क जोडलेलाच येतो: तान्ह्यांसाठी नारिंगी, एक ते पाच वर्षांसाठी पिवळा. कोणताही घ्या, मास्क नाकाच्या मुळापासून हनुवटीच्या खाचेपर्यंत बसला पाहिजे, डोळ्यांवर चढता कामा नये. गालाशी थोडी जरी फट राहिली, तरी औषध खोलीत जातं.

देण्याची रीत अशी. पंप पाच-सहा वेळा हलवा, स्पेसरला लावा, मास्क चेहऱ्यावर घट्ट धरा आणि एकदाच दाबा. मुलाला नेहमीसारखे पाच-सहा श्वास घेऊ द्या. स्पेसरची झडप हलताना दिसते, तिच्यावरून श्वास मोजा. दुसरा फवारा हवा असेल तर अर्ध्या-एक मिनिटाने, पंप पुन्हा हलवूनच. दोन फवारे एकदम मारले की औषध भिंतीला चिकटतं आणि मुलाला कमी मिळतं. मूल रडत असताना दिलेलं औषधही छातीपर्यंत फारसं पोचत नाही, बरंचसं तोंडा-घशातच राहतं. त्यामुळे धरून-दाबून देण्यात काही अर्थ नाही. आधी दोन दिवस मास्क नुसता खेळायला द्या, बाहुलीला लावा, आईने स्वतःला लावून दाखवावा.

वेळ मात्र नीट ठरवा. भरल्या पोटी मास्क लावला, मूल खोकलं, की उलटी ठरलेली. उपाशीपोटी फवारा, मग दात घासणं, मग न्याहारी, हा क्रम ठेवला तर दोन कामं होतात. उलटी टळते, आणि त्रास होऊ नये म्हणून द्यायच्या रोजच्या पंपात स्टेरॉइड असेल तर तोंडात राहिलेलं औषध धुतलं जातं. नाहीतर जिभेवर पांढरी बुरशी येऊ शकते, मग तोंड झोंबतं आणि मूल घास नाकारतं. तोंडाभोवतीची त्वचाही ओल्या फडक्याने पुसा. संध्याकाळचा फवारा जेवणाआधी.

घरघर असताना एकदम वाटीभर भरवू नका. तुपाची धार घातलेली मऊ मुगाची खिचडी किंवा नाचणीची पेज, चार-पाच चमचे, दर दोन तासांनी. केळं, दही, अंडं, दूध सरसकट बंद करू नका. ॲलर्जी सिद्ध झालेली नसेल तर त्यांनी दम वाढत नाही, पण बंद केल्याने वजन मात्र घटतं. दूध दिवसाला 400 ते 500 मिलीपुरतं ठेवा. लिटरभर दुधाने पोट भरलेल्या मुलाला लोह मिळत नाही. मटकीची उसळ आणि लिंबू पिळलेली पालेभाजी खोकल्यातही चालते. वर्षाच्या आत मध नको. अख्खे शेंगदाणे, फुटाणे पाच वर्षांपर्यंत नकोत. दाणा श्वासनळीत अडकला तर अचानक घरघर सुरू होते आणि ती पंपाने जात नाही. ओवा-वेखंडाची धुरी, मच्छर कॉइल, धूप हे सगळं बंद करा. आजींना हे सांगणं अवघड असतं, तरीही सांगा. घरात धूर असेल तर पंपाचा उपयोग कमी होतो.

धुण्यातही लोक चुकतात. आठवड्यातून एकदा कोमट साबणाच्या पाण्यात बुडवा, झटका आणि तसाच वाळू द्या. कापडाने रगडलं की प्लास्टिकमध्ये स्थिर वीज तयार होते आणि औषध आतच चिकटतं. मास्क साध्या पाण्याने धुवा. झडप वाकडी झाली किंवा चिकटली तर स्पेसर बदला. पंपात औषध किती उरलं हे पाण्यात तरंगवून कळत नाही. आकडा दाखवणारा पंप मागा, नाहीतर वापरलेले फवारे कॅलेंडरवर लिहा.

‘सवय लागेल’ म्हणून रोजचा पंप आपल्या मनाने बंद करू नका. दर तीन महिन्यांनी उंची-वजन नोंदवा, त्रास किती आटोक्यात आहे हे आणि वाढ बघून डॉक्टर मात्रा ठरवतील. चार-पाच वर्षांचं मूल नळी ओठांत घट्ट धरू लागलं की मास्क काढून टाका.

बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, मूल घोटभर पाणीही घेत नसेल, किंवा एक ते पाच वर्षांच्या मुलाचे श्वास शांत असताना मिनिटाला 40 किंवा जास्त भरत असतील, तर डॉक्टरांनी सांगून ठेवलेले आरामाच्या (साल्ब्युटामॉलच्या) पंपाचे फवारे देत देतच दवाखाना गाठा. स्पेसर बरोबर न्या.