‘डॉक्टरसाहेबांची, सिंगल हँड’ ब्रेझा

कापसाचे चुकारे हाती आले की जुन्या गाड्यांच्या दलालांचे फोन गावोगाव सुरू होतात. आम्हाला सांगितलेली आणि आम्ही फसून घेतलेली गाडी होती 2017 ची मारुतीची डिझेल ब्रेझा, एमएच 27 म्हणजे अमरावती पासिंग, मीटरवर 48 हजार किलोमीटर. दलाल म्हणाला, "डॉक्टरसाहेबाची हाय भाऊ, सिंगल हँड. घर ते दवाखाना, बाकी कुठीच नाई." सिंगल हँड म्हणजे एकाच मालकानं वापरलेली.

दारव्हा तालुक्यातल्या माणसाला ही गाडी पटते यात नवल नाही. 198 मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स म्हणजे पांदणीतून पोट न घासता निघते. 1248 सीसीचं तेच इंजिन स्विफ्ट-डिझायरमध्येही होतं, त्यामुळे आमच्याकडचा कुठलाही मिस्त्री ते सहज खोलतो. शिवाय एप्रिल 2020 पासून मारुतीनं डिझेल बंद केलं, तेव्हापासून चांगल्या गाडीला भाव चढाच.

नेर रोडवरच्या दलालाच्या शेडवर पोचलो तेव्हा गाडी चालूच होती. "उन्हाचे आले तुमी, एसी लावून ठेवला." खरा डाव इथेच होता. डिझेल इंजिनाची तब्येत कळते ती थंड असताना, पहिल्या सेल्फला: किती वेळ फिरतं, चेन खडखडते का, धूर कोणत्या रंगाचा येतो. तापलेलं इंजिन यातलं बरंच लपवतं. त्यात आवाज दाबायला जाड ऑइल भरलेलं होतं, हे पुढे मिस्त्रीनं सांगितलं. त्यानं इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलं तेव्हा तिथून भपाभपा धूर बाहेर आला, म्हणजे इंजिन आतून झिजलेलं. ही तपासणी मिनिटभराची आहे आणि शेडवर कोणी करू देत नसेल तर तिथूनच परत फिरावं.

चालवताना गाडी ओढत नव्हती. त्यावर दलालाचं उत्तर तयार: "ब्रेझा खाली अशीच सुस्त रायते, टर्बो हाय ना." टर्बो म्हणजे इंजिनात जास्त हवा ढकलणारा भाग. हे अर्धं खरं असल्यानं गळी उतरतं. या इंजिनाची 200 न्यूटन मीटरची ओढ (टॉर्क) 1750 आरपीएमला मिळते, त्याखाली ते मरगळलेलंच असतं. पण तिसऱ्या गिअरमध्ये काटा 2000 च्या पुढे गेल्यावर पाठीला धक्का जाणवायलाच हवा. आमच्या गाडीत तो आलाच नाही, मागे काळा धूर मात्र निघाला. टर्बो गेलेला होता. अशी ट्रायल एकट्यानं, रिकाम्या गाडीत घेऊ नका. चार माणसं बसवा, एसी लावा आणि चढ शोधा.

सगळ्यात संताप आला तो एअरबॅगच्या दिव्याचा. इग्निशन ऑन केलं की हा लाल दिवा काही सेकंद पेटून विझतो. आमच्या गाडीत तो पेटतच नव्हता, आणि दिवा नाही म्हणजे बिघाड नाही असंच कोणालाही वाटेल. यवतमाळला मीटर उघडलं तर त्या दिव्यावर काळ्या टेपचा चौकोनी तुकडा चिकटवलेला! समोरून ठोकलेली गाडी, एअरबॅग फुटलेल्या, नव्या बसवल्याच नाहीत, वरून नुसतं कव्हर लावलेलं. लेकराबाळांना घेऊन आपण याच गाडीत फिरणार, हे त्या दलालाला माहीत होतं.

धागा कागदातही होता. चालू पॉलिसीवर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, शून्य. एकाच मालकाच्या गाडीला इतक्या वर्षांनी शून्य दिसला तर मागच्या वर्षी कशाचा क्लेम घेतला, हे विचारायलाच हवं. किलोमीटरचं बिंग सर्व्हिस सेंटरच्या रेकॉर्डनं फोडलं: 2021 मध्येच गाडी 1 लाख 12 हजारांवर होती. क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं. 48 हजारांत ते तसं होत नाही.

आता दलाल म्हणतो, "मी तं फक्त भेट करून देल्ली." कागदोपत्री तो कुठेच नाही. गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर मूळ मालकाच्या आधीच घेतलेल्या सह्या, स्टॅम्पपेपरवर ‘गाडी जशी आहे तशी’, आणि पैसे रोख. खरं तर 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला आरटीओचं अधिकारपत्र लागतं. ते शेडवर लावलेलं दिसलं नाही तर व्यवहार थेट मालकाशी करा, रक्कम त्याच्याच खात्यात टाका आणि बँकेचा बोजा उतरल्याचं परिवहनच्या ॲपवर आधी बघून घ्या.

आम्ही जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. दलालानं व्हॉट्सॲपवर पाठवलेली जाहिरात, तिच्यातला 48 हजारांचा आकडा आणि ‘नॉन-ॲक्सिडेंट’ हा शब्द, एवढाच त्याच्या हातचा पुरावा आमच्याकडे आहे. त्यानं तो मेसेज नंतर डिलीट केला. स्क्रीनशॉट भाच्यानं त्याच दिवशी काढून ठेवला होता.